गुलाबी पट्ट्यांचं हराकेके

रिव्हरटनला दक्षिणेचा वारा
आधी आमच्या कुंपणाशी भांडतो, मग घरात शिरतो.
कुंपण म्हणजे हराकेकेची रांग, डोक्याहून उंच.
रात्रभर पात्यावर पातं घासत राहतं,
कोणी सुऱ्यांना धार लावत बसावं
आणि कापायला घरात काहीच नसावं, तसं.

आम्ही इकडे याला जवसाचंच नाव लावतो.
जवसाशी याचं काडीचं नातं नाही.
बोटीवरून उतरलेल्यांनी याचा दोर पाहिला,
मायदेशाचं एक नाव खिशात होतं, ते चिकटवून टाकलं.
माझा खापरपणजोबा त्यांच्यातलाच.
गिरणीत पाती सोलताना त्याची दोन बोटं गेली,
तरी मरेपर्यंत जवसच म्हणत राहिला.

इसोबेलनं यातलं शोभेचं आणलं.
कमरेएवढं, गुलाबी पट्ट्यांचं, कडेला तांबूस रेघ.
पायरीजवळ लावलं, पाहुण्यांची नजर पडावी म्हणून.
कुंडीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं:
ऊन द्या. बुडाशी पाणी साचू देऊ नका.
आणि खाली, चष्म्याशिवाय न दिसणाऱ्या अक्षरात,
साधा फुटवा आला तर मुळापासून काढा.

ती गेली त्या वर्षी तो आला.
शेवाळी, रुंद, धटिंगण.
मी करवत घेऊन गेलो, आणि परत आलो.
म्हटलं, असू दे,
या घरात काहीतरी वाढतंय.

त्याला आता तीन हिवाळे झाले.
दर वसंतात तुई पक्षी येऊन
त्याच्या दांड्यावर उलटा लटकतो,
कपाळाला केशरी पराग माखून निघून जातो.
मी खिडकीतून बघायचो, चहा गार व्हायचा.
गुलाबी पाती मात्र दर खेपेला थोडी कमी.
मी ती मोजत नव्हतो. मोजणारी ती होती.

मेरानिया पलीकडच्या गल्लीतली. पिशव्या विणते.
परवा पायरीशी थांबली, वाकली,
पात्यांच्या बेचक्यात बोट घालून वास घेतला.
"कुजलंय," म्हणाली. "किती भुसा घातलास बुडाशी?"
मी म्हटलं, थंडी लागू नये म्हणून.
"थंडीनं नाही मेलं, ह्यू. पांघरुणानं मेलंय."

मग तिनं दाखवलं, जसं तिच्या मावशीनं तिला:
मधलं कोवळं पातं म्हणजे मूल, त्याला हात लावायचा नाही.
दोन्ही बाजूंची दोन, आईबाप, तीही सोडायची.
बाहेरची म्हातारी पाती तेवढी कापायची,
तिरकी, पाणी ओघळून जाईल अशी,
आणि पावसात तर कधीच नाही.
मी विचारलं, म्हातारी म्हणजे किती म्हातारी?
ती माझ्याकडे बघून हसली. उत्तर दिलं नाही.

शनिवारी उघडीप होती. गड्डा खणून काढला.
फावड्यानं फुटेना, मग लाकडाची करवत लावली,
दाते चिकट डिंकानं माखले.
आत काळं, मऊ, गोगलगायींचं बिऱ्हाड,
पात्यांच्या तळाशी पांढऱ्या पिठासारखी कीड.
त्या सगळ्यात एकच गुलाबी पंखा शाबूत,
बोटभर मुळं, हळकुंडासारखी पिवळी.
पाती निम्म्यावर छाटली, पंख्याच्या आकारात,
वारा धरू नये म्हणून.
वाळू घातलेल्या मातीत बसवला. भुसा नाही.

धटिंगण फुटव्याचे चार तुकडे झाले.
तीन मेरानियानं सायकलच्या टोपलीत घालून नेले.
धाग्याला उपयोगी पडतील का, विचारलं तर म्हणाली,
"या संकराचा भरवसा नाही. डोंगराच्या बाजूला वारा अडवेल."
चौथा मी कुंपणात लावला,
त्याच्यासारख्यांच्यात. तिथं आता ओळखूही येत नाही.

गुलाबीला रोज सकाळी जाऊन
एक पातं दोन बोटांत धरून जरासं ओढतो.
मूळ धरलं असेल तर हलत नाही म्हणतात.
हलतं.
काल थोडं कमी हललं, की माझीच बोटं गारठली होती,
सांगता येत नाही.
इसोबेल असती तर म्हणाली असती,
त्याला सुखानं राहू दे जरा, ह्यू,
रोज उपटून कोण बघतं?