भांडीबाजारात रेषा आखताना

पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी निळं,
शंभरातून एकदा येणारं लाल.
दोन डबे, दोन ब्रश, तिपाईवर लेव्हल,
आणि स्टाफ सरळ धरून कंटाळलेला शिवदास खैरनार.

"पंचवीसातून एकदा म्हणजे
यंदा आलं की चोवीस वर्षं सुट्टी?"
गजानन तांबट विचारतात, ठोका न चुकवता.
नाही काका. दर वर्षी नव्यानं, शंभरात चार.
"म्हणजे फासा."
फासाच.

त्यांच्या चौकटीवर खिळे आहेत, वडिलांनी मारलेले.
सर्वांत वरचा एकोणसत्तरचा.
मी लेव्हल लावते, पुन्हा लावते:
खिळा माझ्या लाल रेषेच्या तेहेतीस सेंटिमीटर वर.
ऑफिसातलं मॉडेल चुकलं, की खिळा?

"चौकट वाळवीनं खाल्ली तेव्हा बदलली.
खिळे काढून परत ठोकले, अंदाजानं.
जरा वरच.
वर ठोकलेला बरा."

याला आमच्या पुस्तकात फ्रीबोर्ड म्हणतात.
मी वहीत लिहिते: खिळा, विश्वासार्ह नाही.
मग 'नाही' खोडते. मग पूर्ण ओळच.

त्यांचं कोष्टक वेगळं.
दुतोंड्या मारुतीचे गुडघे भिजले
की खालच्या फळीवरची घंगाळं वर.
कंबर बुडाली की वह्या आणि सोनं भावाकडे, इंदिरानगरला.
छातीला लागलं की शटर ओढायचं, मागे बघायचं नाही.

माझं कोष्टक गंगापूरच्या दरवाजांपासून सुरू होतं:
इतके क्युसेक, होळकर पुलाखाली इतक्या तासांनी,
मग मोबाइलवर एक ओळ सगळ्यांना.
पण धरणाच्या खाली पडलेला पाऊस
कुठल्याच दरवाजातून येत नाही.
वाघाडी, नासर्डी, काँक्रीटचे पार्किंग, नवी कॉलनी,
त्यांना उघडायला कुणाची सही लागत नाही.

दुपारी पुतण्या आला, नकाशाची गुंडाळी घेऊन.
वर दोन मजले चढवायचेत.
"मॅडम, निळी दोन हात नदीकडे गेली
तर प्लॅन पास होतो."
शिवदासनं माझ्याकडे पाहिलं.
काकांचा हातोडा तेवढा थांबला.

मी म्हटलं, स्टाफ धर.

निळा रंग ओल्या पोपड्यांवर नीट बसत नाही,
ओघळतो, रेषेखाली चार बोटं.
काकांनी ते पाहून
सर्वांत मोठं पातेलं
आकड्यावरून काढून वरच्या आकड्याला लावलं.

ब्रश धुवायला पाणी मागितलं.
त्यांनी तांब्याभर दिलं,
अगदी मोजून.