दोन टिंबांचा ओ

दौंडकडच्या त्या गुऱ्हाळात
चुलवाणात चिपाड जळत नाहीये
हे वासानेच कळलं.
नौशादने गाडी लांब लावली, काचा वर केल्या.
मी चिमट्याने राख उकरली:
अर्धवट वितळलेलं एक वेष्टन,
त्यावर निळं हरीण,
आणि एक अक्षर, गोल, डोक्यावर दोन टिंबं.

आपल्याकडे डोक्यावर एकच टिंब,
ते नाकातून काढायचं.
हे दोन टिंबांचं
कुठून काढायचं?

ताकवणे म्हणाले, "मॅडम, चिपाड परवडत नाही.
भोसरीचा टेम्पो येतो, दोन रुपये किलो.
त्यावर काय लिहिलंय, आम्हाला कुठं वाचता येतंय?"
मलाही येत नव्हतं.
पंचनाम्यात लिहिलं: परदेशी मजकुराचे प्लास्टिक.
गुळव्याने बोटांचा पाक धोतराला पुसला
आणि पंच म्हणून सही केली.
सहीला कागद थोडा चिकटला.

गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणातून
मी दोन गोष्टी घरी आणल्या होत्या:
एक कापडी पिशवी
आणि अठरा देशांतल्या अठरा माणसांची यादी,
माझ्यासारखीच, बूट चिखलात घालणारी,
वरिष्ठांना न आवडणारी.
पिशवी भाजीला लागली.
यादी त्या रात्री काढली,
सहकारनगरच्या ओट्यावर, भिजवलेल्या मटकीशेजारी,
आणि हरणाचा फोटो पाठवून दिला.

पहिली उठली मोंबासाची वामबुई.
"हरीण ओळखलं. मार्चमध्ये आमच्या धक्क्यावर
असे चार कंटेनर होते, कागदावर 'रद्दी'.
आम्ही परत पाठवले.
परत म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही."
मी लिहिलं, "इथे."
मग बराच वेळ
तिची ती तीन टिंबं नुसती हलत राहिली.

काओश्युंगच्या शू-फेनने
जहाजाचं नाव पाठवलं, कंटेनरचा क्रमांक,
आणि कुठल्या बंदरात कुठला कागद बदलला
त्याची टिपणं, मुंगीएवढ्या अक्षरात.

पहाटे इंगेबोर्ग.
तिच्याकडे अजून रात्र, आणि बर्फ.
"हे दूध माझ्या गावचं.
तो ओ माझ्या गावाच्या नावातला.
इथे हे पुरायला बंदी आहे, उघड्यावर जाळायलाही.
मी स्वतः इथली निरीक्षक आहे.
मी पिशवी धुते, वाळवते, वेगळ्या डब्यात टाकते."
आणि थोड्या वेळाने पुन्हा, तेवढंच:
"मी धुऊन टाकते."

मटकीला मोड आले होते.
काय उत्तर देणार?
मी तिला ओ कसा म्हणायचा ते विचारलं.
तिने आवाज पाठवला.
ओठ शीळ घालायला करावेत तसे करून
मी ओट्यापाशी चारदा म्हणून पाहिला.
मुलगा आतून म्हणाला, "आई, दुखतंय का काही?"

वाकडेवाडीच्या कचेरीत साहेबांनी फाईल चाळली.
"हा पत्रव्यवहार अधिकृत आहे का?
जावक क्रमांक कुठाय?"
वामबुईला जावक क्रमांक नाही, साहेब.
तिला मलेरिया झालाय, आणि तरी तिने
नकार दिलेल्या चारही कंटेनरचे फोटो
अंथरुणातून पाठवलेत.
हे मी म्हणाले नाही.
मी म्हणाले, "घेते सर."
आणि अठरा माणसांना अठरा क्रमांक
स्वतःच्या हाताने घातले.

भोसरीचा टेम्पोवाला सापडला.
त्याच्यावरचा सापडेल.
त्याच्यावरच्याचं ऑफिस
म्हणे तीन देशांत आहे आणि एकातही नाही.
लवादाने पुढची तारीख दिली.
इंगेबोर्ग पडद्यावरून साक्ष देणार आहे,
तेव्हा तिच्याकडे दुपारीच अंधार पडलेला असेल.
ताकवण्यांनी चुलवाणात पुन्हा चिपाड घातलंय,
आणि माझ्याशी बोलणं सोडलंय.

नमुना क्रमांक सात: गूळ, पाचशे ग्रॅम,
लाखेने मोहोरबंद, माझ्या सहीचा, कपाटात.
आज पाहिलं तर मुंग्या.
खिडकीतून, भिंतीवरून, फायलींच्या कडेने,
समोरून येणारीला थांबून काहीतरी सांगत,
मग पुढे.
एकीलाही जावक क्रमांक नाही.
मी डबा हलवायला हवा होता.
थोडा वेळ नाही हलवला.