सातवं बटण

घर दाखवताना एजंट म्हणाला,
"चौऱ्याऐंशीचं बांधकाम हाय, ताई.
आताच्या भिंतीत खिळा ठोकला
तर शेजाऱ्याच्या हॉलमधी निघतोय."
साने गुरुजी वसाहत, दोन खोल्या खाली, एक वर,
दारात सीताफळ, आत लाल फरशी.
आम्ही फरशीवर भाळलो.
तिच्याखाली काय आहे, कोण विचारतं?

पहिल्या रात्री नळ सोडला
आणि नळाऐवजी जिना बोलला.
आधी घुर्र, मग खोकला,
मग गंजाची एक तांबडी गुळणी.

दस्तगीर प्लंबर सकाळी आला.
कलिंगड घेताना वाजवावं
तशी त्यानं भिंत वाजवली.
"आतनं एवढंच भोक ऱ्हायलंय,"
त्यानं करंगळीचं नख दाखवलं.
"चाळीस वर्सं कळंब्याचं पाणी प्यालंय की."
मोरीची फरशी उचलली, तर खाली आणखी एक मोरी,
आणि तिच्या कोपऱ्यात, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला,
नंतर बसवू म्हणून ठेवलेला
कोरा पितळी कॉक.
दस्तगीरनं तो पुसला, हातात तोलला, आणि बसवला.
पैसे फक्त मजुरीचे घेतले.

गच्चीसाठी काढलेले पैसे पाइपांनी प्याले.
रंगाचे वाळवीनं खाल्ले.
वाळवीच्या औषधाला माझी भिशी गेली.
आमचे हे म्हणाले, "पुढच्या महिन्यात..."
आणि वाक्य तिथंच ठेवून दूध आणायला गेले.

आधी इथं हुपरीकर सर राहायचे, आयटीआयचे.
मुलगा पुण्याहून आला, सह्या केल्या, गेला.
पण सर निघता निघेनात.
गळक्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
एमसीलवर उमटलेला अंगठा,
कपाटाच्या दारामागे पेन्सिलीनं:
पंखा, तेल, १२-४-९१.
खिडकी फुगते. पावसाळ्यात ओढू नये.
मी ओढली होती.

झोपायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, सात बटणं.
सहांचं कळलं.
सातवं दाबलं की काहीच व्हायचं नाही.
जाता-येता दाबायचे.
झोप येईना त्या रात्री दोनदा दाबलं,
उगीच.

नवव्या दिवशी शिरगुप्पे काकू कुंपणापाशी आल्या,
हाताला भाकरीचं पीठ तसंच.
"एक विचारू? रात्री बेल कोण वाजवतंय?"
म्हटलं, आमच्याकडं बेलच नाही.
"तुमच्याकडं न्हाई. आमच्या सैपाकघरात."

सरांनी स्वतः ओढलेली वायर,
बागेच्या पाइपात घालून सीताफळाखालनं नेलेली.
बाईंची एक बाजू गेली होती.
रात्री कूस बदलायला
एका माणसाचे हात पुरत नव्हते.
"एकदा वाजली तर मी एकटीनं जायचं.
दोनदा वाजली तर ह्यांनाबी उठवायचं.
सहा वर्सं.
परवा दोनदा वाजली.
हे उठले, चपला घातल्या, कडी काढली,
मग दारातच उभे ऱ्हायले."
मला काय बोलावं सुचेना.
काकूंनी पीठ पदराला पुसलं.
"चालू हाय अजून, म्हणून सांगायला आलो," म्हणाल्या.

वायरमन इंगवले म्हणाला, "तोडून टाकू? शॉर्ट व्हईल कवातरी."
आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं.
त्यांची आई दिवाळीनंतर आमच्याकडं येणार आहे,
ते आम्ही अजून मोठ्यानं बोललो नव्हतो.
"नवी टाका," मी म्हणाले.
इंगवल्यानं पावलांनी मोजलं,
पलंगापासून काकूंच्या ओट्यापर्यंत.
बावीस मीटर.
वहीत रंगाखाली लिहिलं, रंग खोडून.

संध्याकाळी बघायला म्हणून एकदा दाबलं.
पलीकडं कुकरची शिट्टी,
मग भांडं पडल्याचा आवाज,
मग काकू, सवयीनं,
"आलो, आलो!"

गच्ची अजून गळते.
खाली बादली ठेवलीय, निळी.