उस्मारप्पा

त्याचा सण मे महिन्याच्या चौथ्या रविवारी.
सोलापुरात तेव्हा पत्रे कडाकडा बोलतात,
कुत्री गटारात पोट टेकून पडतात,
आणि चर्चच्या कोनाड्यात हा उभा:
लोकरी झगा, त्यावर केसाळ कातड्याचा अंगरखा,
गळ्यापर्यंत बंद.

कागदोपत्री संत ओस्मार.
तेराशे वर्षांपूर्वीचा बिशप, बर्फाच्या मुलखातला.
गिरणीच्या कुण्या साहेबामागून
गवत भरलेल्या पेटीतून आला.
साहेब गेला. गिरणी गेली.
चिमणी राहिली, आणि हा.
ओस्मारवर आमच्या गल्लीची जीभ वळेना,
म्हणून उस्मारप्पा.

फादर दरवर्षी तेच चरित्र वाचतात.
दुष्काळात त्याने वेदीवरचा चांदीचा पेला मोडला,
गावासाठी जव घेतले.
राजाने दरडावलं, देवाचं भांडं विकलंस?
म्हणाला, देव ओंजळीनं पितो.
मग ती शेवटची रात्र, हिमवादळ,
डोंगरात वाट चुकलेली माणसं,
आणि हा म्हातारा त्यांच्यासाठी
रात्रभर घंटा वाजवत राहिला.
माणसं आवाजाच्या मागानं घरी आली.
सकाळी दोर त्याच्या मुठीतून सुटेना.
लोकांनी घोंगड्या टाकल्या,
पायाशी कढत दगड ठेवले.
तोवर तो गेला होता.

नरसक्का आमच्यातली नाही.
तिचा देव वेगळा, तिचं देऊळ वेगळं.
विड्या वळून बोटं पिवळी झालेली,
सणाला मात्र मागच्या बाकावर असतेच.
एका वर्षी वाचन चालू असताना उठली.
"थंडीनं मेला तो मेला.
आता इथं उकाड्यानं मारताव का ओ त्याला?"
बादली आणली,
घरच्या मागावरचा टॉवेल, काठाला धागे सुटलेला,
पिळला न पिळला
आणि त्याच्या खांद्यांवर टाकला.
फादरांनी पान उलटलं,
पण वाचलं नाही.

तेव्हापासून सणाला बादल्यांची रांग लागते.
टॉवेल पाव तासात कडक वाळतो,
की पुढची बाई पुढे होते.
पुण्याहून आलेले मोठे फादर म्हणाले,
अशानं रंग जाईल.
गेलाच.
आता झग्याखालून पांढरं प्लास्टर दिसतं.
पोरं म्हणतात, बर्फ.
नरसक्का म्हणते, कुठला बर्फ,
घामोळं आलंय,
पावडर लावलीय त्याला.

घंटेचं काम माझ्याकडे.
बाराच्या उन्हात दोर ओढतो मी,
आणि घामानं तो
मुठीतून सारखा निसटतो.