कारणाचा रकाना

शेल्ड्याच्या उपकेंद्रात रात्रपाळीला मी एकटी
आणि समोर एक काटा.
पन्नासवर उभा असला की सगळं ठीक.
एकोणपन्नास दशांश सातवर उतरला
की माझ्या पाठीच्या कण्यातून कुणीतरी अनवाणी चालतं.

सोमवारी वारा पडला होता.
माडाची एक झावळ हलेना,
साळ नदीच्या मुखाशी पाणी तेलासारखं.
केप्यातला प्रत्येक पंखा पाचवर
आणि तिकडे घाटमाथ्यावर
पवनचक्क्या हात लांबवून नुसत्या उभ्या.
वरून फोन आला : वारा नाही, भार उतरवा.
मी बेतुलचा फीडर पाडला.
रजिस्टरात वेळ लिहिली, बावीस चाळीस.
'कारण' या रकान्यात : वारा नाही.

लगेच बर्फाच्या कारखान्यातून इनासियो :
"बाय गो, बर्फ!"
एवढंच. तो भांडत नाही कधी,
फक्त वस्तूचं नाव सांगतो.

गुरुवारी वादळ आलं.
कुठल्या तरी देशाने त्याला नाजूक नाव दिलं होतं.
आमचा लाइनमन कुष्टा त्याला म्हणाला भाटकार :
न विचारता कुळागरात शिरतो
आणि नारळ पाडून नेतो.

मला वाटलं, आता तरी!
इतका वारा, असा फुकटचा,
आता काटा छाताड काढून उभा राहील.
तो खाली सरकला.
ताशी नव्वदच्या पुढे पाती स्वतःला आवरतात,
वाऱ्याकडे नुसती कड करतात,
ब्रेक लावून गप्प होतात, एकामागून एक.
बाबा होडीचं शीड असंच उतरवायचे,
वाऱ्याला शिवी न देता.

मग बाळ्ळीला तारेवर फणस पडला,
फळांसकट.
कुठला खांब कुठे गेला ते सकाळीच कळणार होतं.
काटा शून्यावर आला नाही.
मीटरच विझला,
काटा होता की नव्हता ते दिसेना.
टॉर्च दातांत धरून मी लिहिलं :
शून्य दोन वीस. कारण : वारा.
वर सोमवारची ओळ होती,
अक्षर माझंच, शाईसुद्धा तीच,
इथे 'नाही' तेवढं नव्हतं.

तीन दिवस कुष्टा खांबावरच जेवला म्हणतात.
इनासियोने लाद्या फोडून वाटल्या
शेजारच्या म्हातारीच्या इन्शुलिनला,
चर्चमध्ये थांबलेल्या एका मयताला.
बांगडे त्याने खाडीत परत सोडले.
मेलेले होते, तरी सोडले म्हणतो.

रविवारी पहाटे काटा आला.
थरथरला. पन्नास.
मी बेतुल चालू केलं आणि फोनकडे बघत बसले.
"बाय गो," तो म्हणाला
आणि पुढे काही बोलला नाही.
त्याच्यामागे कॉम्प्रेसर धापा टाकत उठत होता.
आम्ही दोघं ते ऐकत राहिलो.