वादीचं टोक

सुभाषनगरात, आमच्या दारात बसून
आई चपलेची वेणी घालायची,
वादीचं एक टोक दातांत धरून.
तीस वर्षं.
काही विचारलं तर नुसतं "हूं".
त्यातलं हो कुठलं, नाही कुठलं,
ते आम्ही भुवयांवरून ओळखायचो.

पहाटे तव्यावर भाजलेली मशेरी,
उजव्या हाताचं पहिलं बोट नखापर्यंत काळं,
आणि शेजारच्या मालननं हाक मारली
की मोरीतूनच, "आलो गं, थुकून आलो."
आमच्याकडं बायकाही आलोच म्हणतात.

मग एकदा गणपतीआधी, ऑर्डरीची घाई,
वादीचं टोक लाल निघालं.
"रंग लागला असंल," म्हणाली, पुसून टाकलं.
दुसऱ्या दिवशी परत रंग.

सीपीआरमधली डॉक्टर अगदी पोरगी होती.
बॅटरी मारून बघितलं, रागावली नाही.
एक दाढ काढावी लागली.
बाकीच्यांसाठी मऊ ब्रश हातात घेऊन दाखवलं:
हिरडीकडून दाताकडं, हलक्या हातानं,
आतनं, बाहेरनं, आणि रात्री झोपतानाही.
मशेरी बंद.
आई म्हणाली, "घासायचं का गोंजारायचं?"
"गोंजाराच, मावशी."

येताना रिक्षात गप्प.
बिंदू चौक गेल्यावर एकदम म्हणाली,
"बरोबर हाय तिचं. कवळं कातडं रगडलं की उसवतंय."

मशेरी काही लगेच सुटली नाही.
दोनदा डबा पत्र्यावर फेकला,
दोनदा शिडी लावून उतरवला.
तिसऱ्यांदा त्यात सुया ठेवल्या
आणि मेणाचा गोळा.

दातांच्या फटीत फिरवायचा दोरा
मी मेडिकलमधनं आणला, तर हसली,
"मेण लावल्याला? ह्यो तर आपलाच की."
रविवारच्या मटणाचा एक धागा ओढून काढला
आणि बल्बपुढं धरून बघितला,
टाका तपासतात तसा.

दोन मिनिटं ती घड्याळात बघत नाही.
नळाखाली कळशी लावते,
भरेपर्यंत ब्रश.
रात्री नळाला पाणी नसतं.
तेव्हा कळशी मनातच भरते.

वादी आता पायाच्या अंगठ्याला.
तोंड मोकळं.
आणि तीस वर्षांचं साठलेलं,
म्हणजे माहेरची विहीर, कुठल्या गिऱ्हाइकानं पैसे बुडवले,
मी जोतिबाच्या जत्रेत हरवलो तेव्हा
ती कुणाकुणाशी भांडली,
सगळं, वेणी घालता घालता.

बाबा वैतागून म्हणतात,
"धर की जरा ती वादी दातांत."
ती वर बघते.
साधं हूंसुद्धा म्हणत नाही.