टपाल मार्ग क्रमांक दोन

मागच्या सीटवर नातवाचं भूगोलाचं पुस्तक राहिलंय.
‘वेस्ट व्हर्जिनिया : प्रदेश डोंगराळ असून लोकवस्ती विरळ आहे.
कोळसा हे प्रमुख उत्पादन.’
बरं.

मी शेजारच्या सीटवर बसून गाडी चालवते,
डावा हात स्टिअरिंगवर, डावा पाय ब्रेकवर,
उजवा हात खिडकीबाहेर, पत्रपेट्यांसाठी.
एकवीस वर्षं अशी तिरपी बसले,
कणासुद्धा आता घाटरस्त्यासारखा झालाय.

आमच्या घळीत सूर्य दहाला येतो, तीनला जातो,
बँकेतल्या माणसासारखा.
बँक मात्र गेली ती गेलीच.
सपाट जमीन म्हणाल तर दोनच ठिकाणी :
चर्चच्या मागे, जिथे पुरतात,
आणि वर, जिथे कंपनीनं डोंगराचं डोकं
सुरुंगानं उडवून शेजारच्या दरीत ओतलं.
तिथे आता तुरुंग आहे.
माझा पुतण्या आत असतो.
पहारेकरी म्हणून. हे सांगावं लागतं.

कुठलं घर कशावर चालतं ते पाकिटावरून कळतं.
पंधरा तारखेला डेन्झिल वर्कमनच्या काळ्या फुप्फुसाचे पैसे.
दर शुक्रवारी वर्ना स्टिल्टनरला टेक्सासहून लिफाफा,
मुलगा तेलविहिरीवर असतो, चिठ्ठी कधीच नसते.
कोर्टाचा कागद असला की
सही होईपर्यंत मी अंगणातल्या कुत्र्याकडे बघते.
पानं पिवळी पडली की टोलरांची पोरं
जिन्सेंगच्या मुळ्या उकरायला रानात शिरतात.
त्या मुळ्या चीनला जातात म्हणे.
इथलं इतक्या लांब दुसरं कुणी गेलेलं नाही.

आज एप्रिलची नऊ तारीख.
मागे पुस्तकाशेजारी भोकाभोकांचं खोकं,
आत चिवचिवाट :
आर्बुटस कँटली, पंचवीस कोंबडीची पिल्लं.
तिनं फेब्रुवारीत मागवली असणार,
मार्चात लेक आली आणि तिला ओहायोला घेऊन गेली.
दाराला कुलूप, पायरीवर शेवाळ,
खुराडं मात्र नव्यानं रंगवलेलं.
नियम सांगतो, माल परत पाठवा.
दोन दिवस परतीच्या वाटेवर
काय परत पोचेल, ते नियम सांगत नाही.

ओकी टोलर शेवटच्या वळणावर राहतो.
नाकात नळी, पायाशी प्राणवायूचं यंत्र,
बत्तीस वर्षं चार फूट उंचीच्या बोगद्यात वाकून
अजून दारातून जाताना उगाच मान खाली घालतो.
म्हटलं, ‘ओकी, हे तुझं नाही.’
म्हणाला, ‘माझं काय आहे इथे?
डोंगर कंपनीचा, खालचा कोळसा फिलाडेल्फियातल्या कुणाचा,
हवा या डब्यातली, तीही भाड्याची.
ठेव.’

त्यानं एकेक पिल्लू उचललं,
चोच पाण्यात बुडवली, मग स्वयंपाकघरातल्या
दिव्याखाली सोडलं.
मोजताना दर चारपाचाला थांबायचा,
यंत्र सुस्कारायचं, मग पुढचा आकडा.
मी घाईत होते. अजून अकरा पेट्या राहिल्या होत्या.
तरी उभी राहिले.

‘सव्वीस,’ तो म्हणाला.
एक जास्तीचं घालतात ते लोक,
वाटेत एखादं मरणार हे धरूनच.
आम्ही दोघं त्या जास्तीच्या पिल्लाकडे बघत राहिलो,
कुठलं ते ओळखू येत नव्हतं अर्थात.

पावतीवर ‘स्वीकारणाऱ्याचं नाव’ अशी रेघ असते.
त्यानं आर्बुटसचं लिहिलं,
तिच्या सहीतल्या गोलाकार ‘ए’सकट.
तो ‘ए’ त्याला कसा ठाऊक, मी विचारलं नाही.

परतताना उतारावर कोळशाची गाडी आडवी आली,
एकशे चार डबे. मी दरवेळी मोजते.
फाटक उघडेपर्यंत पुस्तक चाळलं.
‘लोकसंख्या घटत आहे,’ असं पान बेचाळीसवर होतं,
समासात नातवानं पेन्सिलीनं
एक कोंबडी काढली होती, चार पायांची.